किरिकूत जागा दोघींचीच

"या या, सोमोएची आई! सकाळपासून वाट बघतोय तुमची," जुन्या गाड्यांच्या यार्डाच्या फाटकात उभा असलेला शोमारी म्हणाला, आणि माझी आई म्हणाली, "हो, आले बाबा." बस, एवढंच झालं. कुणी पडलं नाही, कुणी किंचाळलं नाही, किल्वा रोडवरून ट्रक जात होते ते जात राहिले, फाटकापाशी शेंगदाण्याच्या पुड्या वळणारी बाई पुड्या वळत राहिली. पण माझा उचललेला पाय वरच राहिला. कारण माझी आई सोमोएची आई नाही. ती हिदायाची आई आहे, आणि हिदाया म्हणजे मी! तिला स्वतःचं असं एक नाव आहे, नाही असं नाही, पण ते दवाखान्यात नि बँकेत तेवढं लागतं. बाकी आमच्या आख्ख्या तांडिका वस्तीत, बाजारापासून मशिदीपर्यंत, कुणालाही विचारा हिदायाची आई कुठे राहते म्हणून, पाच वर्षांचं पोर हात धरून आमच्या दारात आणून सोडेल. आमच्याकडे बाईला पहिलं मूल झालं की तिचं जुनं नाव पेटीत जातं आणि मुलाचं नाव तिच्या अंगावर चढतं. सोळा वर्षं माझी आई मला नेसून हिंडते आहे. आणि आज एका परक्या माणसानं भर रस्त्यात तिला दुसरंच काही नेसवलं, तर तिनं ते नीट खोचून घेतलं आणि हो म्हणाली!

मी वाट बघितली. म्हटलं, आता सांगेल. आता हसेल नि म्हणेल, अरे शोमारी, ही बघ हिदाया, माझी मुलगी, माझी एकुलती एक, मी हिची आई. आईनं अंगावर गुंडाळलेल्या खांग्याच्या टोकानं गळ्याचा घाम टिपला आणि गाड्यांच्या रांगेकडे चालायला लागली. सोमोए तिच्या मागोमाग. सोमोएची मान खाली होती, पण तिच्या गालाचं हाड जरासं वर सरकलेलं मला दिसलं. हसत होती! आतल्या आत, तोंड मिटून, खारवलेला आंबा गालात धरून ठेवावा तशी चवीनं हसत होती.

सोमोए ही माझ्या आईच्या मोठ्या बहिणीची मुलगी. ती माणसं तिकडे दक्षिणेला, किल्व्याजवळ, मिठागरांच्या गावात राहायची. मागच्या रमजानच्या आधी मोठी आई वारली. आईची मोठी बहीण ती मोठी आई, धाकटी बहीण ती धाकटी आई, आमच्यात मावशी असं वेगळं काही नसतंच. आई मातीला गेली ती एकटी गेली आणि आली ती सोमोएला घेऊन. एक बॅग, एक गुंडाळलेली चटई आणि वाहन चालवायचा परवाना, एवढंच तिच्याजवळ. खोटं कशाला बोलू, पहिले आठ दिवस मला आनंदानं झोप आली नव्हती. बहीण! वीस वर्षांची, मिठाचा ट्रॅक्टर चालवलेली, एका हातानं गाडी मागे घेणारी बहीण! मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले. मग हळूहळू काय काय लक्षात यायला लागलं. आईचे गुडघे दुखायचे तेव्हा मी तेल चोळायची, चोळता चोळता माझं बोलणंच इतकं व्हायचं की हात थांबायचा. सोमोए बोलत नाही. नुसती चोळते. आईला झोप लागते. आई एका विशिष्ट तऱ्हेनं हसते, आधी नाकातून वारा सोडते आणि मग पोट हलतं. ते हसू मला वाटायचं माझ्यापुरतंच आहे, माझ्या नकला बघून येतं ते. एके दिवशी मी नळावर होते आणि घरातून ते हसू ऐकू आलं. बादली भरून वाहत होती तरी मी उभी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आल्या आल्या सोमोए आईला "धाकटी आई" म्हणायची, रीतसर. मध्ये कधीतरी त्यातलं "धाकटी" गळून पडलं. कुठल्या दिवशी ते मला सांगता येणार नाही, आणि कुणी उचलून परतही ठेवलं नाही.

"हिदाया, झोपलीस का उभ्या उभ्या?" आई पुढून ओरडली. "तूच ना ती, महिनाभर डोकं खाल्लंस किरिकू किरिकू करून? ये, बघ आता."

हो, मीच ती! तर ऐका. आमचा धंदा खुर्च्यांचा. लग्न असो, बारसं असो, मयत असो, माणसं जमणार म्हणजे बसणार, आणि बसणार म्हणजे आमच्या खुर्च्यांवर. सोबत मांडवाचे खांब, ताडपत्र्या आणि अख्खं बकरं मावेल असली पातेली. हे सगळं वाहून न्यायला दरवेळी भाड्याची किरिकू. किरिकू म्हणजे जपानहून येणारा तो पिटुकला ट्रक, नाक नसलेला, चेहरा थेट काचेवर आपटल्यासारखा. गल्लीत शिरतो, वाळूत रुततो नि चौघांनी ढकलला की निघतो. भाड्याच्या किरिकूवाल्यांनी आईला फार रडवलं. एकदा तर नवरी येऊन उभी आणि खुर्च्या अजून पुलापलीकडे. त्या दिवशी आईनं ठरवलं, आपली घ्यायची. आणि मी ठरवलं, कुठली घ्यायची ते मी ठरवणार. या वर्षापासून माझं असं झालंय की मला बोलता येतं. म्हणजे आधीही बोलायची, पण आता लोक ऐकतात! शाळेच्या वादसभेत मी उभी राहिले की मागच्या बाकावरचेसुद्धा कागदाचे बोळे फेकायचे थांबतात. गेल्या खेपेला मी कोंबड्या पाळण्याच्या बाजूनं बोलून जिंकले आणि पुढच्या आठवड्यात कोंबड्या पाळण्याच्या विरुद्ध बोलून जिंकले. तर महिनाभर मी फोनवर डोळे फोडून घेतले. सुझुकी कॅरी, दाइहात्सु हायजेट, होंडा अ‍ॅक्टी, सुबारू सांबार. कुणाचं इंजिन कुठे, कुणाचं काय गंजतं, कुणाचे पार्ट आमच्या गेरेझानीच्या बाजारात मिळतात आणि कुणासाठी देवाचा धावा करावा लागतो, सगळं मला पाठ.

रांगेत चारही उभ्या होत्या, पांढऱ्या, धुतलेल्या, चाकांना काळं चोपडलेलं. जपानच्या पावसाचा की बोटीच्या पोटाचा, कसला तरी एक गार लोखंडी वास त्यांना येत होता. एकीच्या दारावर जपानी अक्षरं होती, कुणाच्या तरी दुकानाची, ती कुणी खरवडली नव्हती; खरवडत नाहीतच आमच्याकडे, अक्षरं म्हणजे गाडी सरळ बोटीतून आल्याची साक्ष. शोमारीनं सुबारूच्या बॉनेटवर थाप मारली, म्हणजे बॉनेट नाहीच, कपाळावर मारली म्हणा.

"ही घ्या ताई. इंजिन मागे. सीट थंडगार. बसणाऱ्याला काही चटका नाही."

"इंजिन मागे म्हणजे माझ्या पातेल्यांच्या खाली?" आई म्हणाली. "पिलाव घरूनच शिजत जाईल म्हण की."

"आणि बिघडली तर पार्ट कुठे?" मी म्हणाले. "तुझ्या सासऱ्याकडे?"

शोमारी हसला. "आयला, ही कोण वकीलबाई?"

आता! आता सांगेल आई! मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, इतकी बघत राहिले की माझे डोळे कोरडे पडले. आई सुबारूच्या चाकाला लाथ मारून बघत होती. "ही आमची शाळेतली," ती म्हणाली. आमची शाळेतली! जशी एखादी खुर्ची असते, आमची निळी, आमची मोडकी, तशी आमची शाळेतली.  मत्सर पोटात होतो असं लोक म्हणतात ते उगीच नाही. मला तर जागासुद्धा सांगता येईल, डाव्या बरगडीच्या खाली, जिथे पळाल्यावर दुखतं तिथे.

होंडा गंजलेली निघाली. सोमोएनंच काढलं ते शोधून, न बोलता खाली वाकून, बोटानं पत्रा दाबून. पत्रा बिस्किटासारखा चुरला. आई म्हणाली, "शाब्बास गं माझी बाई." माझी बाई! मला होंडाचा गंज माहीत होता, फोनवर तीन ठिकाणी वाचला होता, बोलणारच होते, तोंड उघडलंही होतं. पण हिचं बोट माझ्या जिभेच्या आधी पोचलं. तिचं सगळं असंच असतं. मी सांगते, ती करते. आणि केलेलं दिसतं, सांगितलेलं वाऱ्यावर जातं.

राहिल्या दोन. सुझुकी कॅरी, आणि दाइहात्सु, पण साधी दाइहात्सु नाही, जम्बो. जम्बोचं केबिन जरा उंच आणि जरा मागे सरकलेलं. सीटच्या पाठीमागे हातभर मोकळी जागा. जपानी माणसं तिथे म्हणे छत्री, डबा, ओव्हरकोट असलं ठेवतात. आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगते, जी मी त्या दिवशी यार्डात कुणालाही सांगितली नाही. महिनाभर मी चार गाड्यांचं जे काही वाचलं, त्यातलं इंजिन आणि गिअर आणि गंज हे सगळं वरवरचं होतं. मी खरं बघत होते ते सीट. किरिकूत सीट दोनच असतात. कुठलीही घ्या, कितीही हिंडा, अख्ख्या जपाननं ठरवलेलं आहे की या गाडीत माणसं दोन. चालवणार सोमोए, कारण परवाना तिला आहे. शेजारी बसणार आई, कारण गिऱ्हाइकाच्या दारात आधी ती उतरायला हवी. आणि हिदाया? हिदाया खुर्च्यांबरोबर, मागे, हौद्यात!

लहानपणी असं नव्हतं. तेव्हा भाड्याच्या किरिकूत मी आईच्या मांडीवर बसायची. खाली इंजिन, त्याच्यावर सीट, सीटवर आई, आईवर मी, असे आम्ही थरावर थर. इंजिनाची ऊब आईमधून चढत चढत माझ्यापर्यंत यायची, आणि आईचा खांगा गरम झाला की त्याला एक वास सुटायचा, लवंगेचा नि नव्या कापडातल्या खळीचा. मी काचेला नाक लावून समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला हात करायची. किरिकूवाला म्हणायचा, हिदायाची आई, तुमची पोरगी निवडणुकीला उभी राहणार. मग एक दिवस, मला वाटतं पाचवीत असेन, आई म्हणाली, आता नाही मावत बाळा, गुडघे लागतात. मी दार उघडून उतरले आणि मागे जाऊन बसले. रडले नाही. तेव्हा पुढच्या सीटवर आई नि परका किरिकूवाला होता, परक्याचं काय वाटून घ्यायचं? पण आता तिथे मुलगी बसणार. आईची मुलगी नसलेली मुलगी. दोघींच्या मध्ये फक्त गिअरचा दांडा.

म्हणून जम्बो. सीटमागच्या त्या हातभर जागेत मी फोनवर बघून बघून स्वतःला बसवून पाहिलं होतं. घरी कपाट नि भिंतीच्या फटीत बसून सरावसुद्धा केला होता, हसू नका! पाय दुमडून, आडवं, पाठ एका बाजूच्या पत्र्याला लावून बसलं की मावते मी. आणि तसं बसलं की माझं डोकं कुठे येतं माहितीये? दोन सीटांच्या बरोब्बर मध्ये.

"आधी कॅरी फिरवून बघू," आई म्हणाली. "सोमोए, बस. शोमारी, किल्ली दे. हिदाया, तू मागे चढ, धक्के कसे बसतात ते सांग."

मी चढले. यार्डाच्या मागे मातीचा रस्ता आहे, कोळसेवाल्यांच्या वखारीपासून रेल्वेच्या रुळांपर्यंत जातो आणि परत येतो. केबिनच्या पाठीला लोखंडी जाळी असते, ती धरून मी उभी राहिले. काच मळकी होती, तिच्यातून दोन डोकी दिसत होती. एक निळं फडकं, ते आईचं. एक पिवळं, ते सोमोएचं, आणि पिवळं फडकं आईचंच होतं, मागच्या ईदचं. गाडी सुरू झाली. सोमोएनं गिअर टाकला की तिचा खांदा आईच्या खांद्याकडे झुकायचा नि परत यायचा, झुकायचा नि परत यायचा. मला वाटलं, किती वेळा गिअर बदलावा माणसानं! एवढुसा रस्ता! वारा माझ्या तोंडात शिरत होता, कोळशाची पूड दातांखाली करकरत होती, खड्डा आला की माझे दोन्ही पाय हौद्यापासून सुटायचे. आई काहीतरी बोलली, निळं फडकं हललं. सोमोए काहीतरी बोलली, पिवळं फडकं हललं. मी डोळे घट्ट मिटून घेतले. मिटल्यावर तर फारच स्पष्ट दिसायला लागलं.

परत आलो. आई उतरली, कंबर ताणली. "चांगली आहे. हौदा लांब आहे. खुर्च्यांच्या सगळ्या रांगा एका खेपेत जातील. काय गं, मागे कसं वाटलं?"

आणि मग मी बोलले. अशी बोलले म्हणता! जम्बोच्या शेजारी उभी राहिले, एक हात तिच्या दारावर ठेवला. आई, हौदा लांब असणं ही गोष्ट चांगली, पण लांब हौदा म्हणजे काय, तर लांब लोभ. आज एक रांग जास्त घालशील, उद्या दोन, परवा मागच्या स्प्रिंगचा पाटा मोडेल. आई, तुझे गुडघे. कॅरीत पाय पसरायला जागा नाही, जम्बोत सीट मागे सरकते. आई, तुझी हातची पिशवी, पावत्या, गिऱ्हाइकाचं उरलेलं जेवण, हे सगळं तू काय मांडीवर घेऊन बसणार? मागे ठेव, कुलूप लाव. उंच छप्पर आहे, डोक्यावरचं फडकं चुरगळणार नाही; लग्नघरी उतरशील ती राणीसारखी उतरशील, की कोंबडीच्या खुराड्यातून निघाल्यासारखी? पावसाळ्यात ताडपत्रीच्या दोऱ्या कोरड्या राहतील. आणि दिसायला बघ. खुर्च्या तर काय, कुणीही देतं, पण लोक आधी गाडी बघतात.

शोमारीनं टाळ्या वाजवल्या. "ताई, हिला माझ्याकडे कामाला ठेवा. महिन्यात यार्ड रिकामं करते."

"पण रांग कमी बसते," सोमोए हळू म्हणाली. "दोन खेपा होतील."

"दोन खेपा म्हणजे दोनदा दिसणार आपण रस्त्यावर," मी म्हणाले. "फुकटची जाहिरात!"

आई नाकातून वारा सोडून हसली. ते हसू! माझं! पोट हललं, खांगा हलला. "बरं बाई, बरं. जम्बो. हरले मी तुझ्यापुढे," ती म्हणाली, आणि मला वाटलं यार्डातल्या सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम वाजले. मी सोमोएकडे बघितलं. तिनं काही चेहरा केला नाही. जम्बोच्या हौद्याची लांबी ती वितीनं मोजत होती. विती संपल्या तरी तिचा हात लोखंडावर तसाच राहिला.

"पण हिची मागची बाजू मी स्वतः बघणार," आई म्हणाली. "माझी पातेली काय म्हणतील ते कळायला हवं. पोरींनो, तुम्ही दोघी पुढे बसा." आणि माझी आई, एवढी मोठी बाई, शोमारी हां हां करत असताना, चाकावर पाय ठेवून हौद्यात चढली आणि पातेल्यासारखी मधोमध बसली.

म्हणून जम्बोच्या पहिल्या फेरीत पुढच्या सीटवर मी होते. खाली ऊब होती. सीटमागची ती हातभर जागा रिकामी होती, तिच्यात मी बघितलंही नाही. सोमोएनं गाडी काढली. वखार मागे पडली. ती बोलत नाही हे मी तुम्हाला सांगितलंच आहे. म्हणून ती बोलली तेव्हा मला आधी वाटलं गाडीतूनच कसला आवाज येतोय.

"मघाशी तू मागे होतीस ना," ती म्हणाली, "आईनं रस्ता बघितलाच नाही. मी विचारलं, कशी वाटते गाडी, तर म्हणाली, नीट धरलंय का गं तिनं? मी म्हटलं, धरलंय. पुढच्या खड्ड्याला परत, धरलंय का गं? पूर्ण वेळ आरशातून मागेच बघत होती. माझं ड्रायव्हिंग काही बघितलं नाही तिनं. मी इतकं सांभाळून चालवत होते."

मी खिडकीची काच खाली केली नि परत वर केली.

"जम्बो घेऊ नये असं मला वाटतं," ती म्हणाली, "पण तू म्हणालीस, आता घेईलच ती. तू बोललीस की ती दुसरीकडे बघत नाही." रुळांपाशी तिनं गाडी वळवली, एका हातानं, लोणी कापावं तशी. "आणि शोमारीचं मनावर घेऊ नकोस. मीच सांगितलं होतं त्याला. फोनवर त्यानं विचारलं कुणाच्या नावानं येताय, तर मी म्हटलं, सोमोएची आई येणार आहे."

"का?" माझा आवाज चिरका निघाला. वादसभेतला नव्हे, जुना.

"एकदा ऐकायचं होतं." ती समोर बघत होती. "आमच्या गावात दिवसभर ऐकू यायचं. सोमोएची आई, मीठ दे. सोमोएची आई, पोर रडतंय, बघ. मोजत नव्हते मी. मग तिला पुरलं आणि त्या दिवसापासून कुणीच म्हणत नाही. म्हणणार कुणाला? मला सोमोए म्हणतात, पण ते निराळं. म्हटलं, बाहेरच्या माणसानं एकदा मोठ्यानं म्हणावं आणि कुणीतरी 'हो' म्हणावं. धाकटी आई हो म्हणाली. मला वाटलं होतं, हसेल, चूक काढेल. तिला कळलं असणार."

तुम्हाला वाटेल की माझं मन विरघळलं. मलाही वाटलं होतं विरघळेल, मी वाट बघितली. पण तसं काही झालं नाही. आधी काय झालं ते सांगते: मला आनंद झाला. धरलंय का गं, धरलंय का गं! इतका निर्लज्ज, उकळता आनंद, की मी तोंड खिडकीकडे वळवलं. मी मळकी काच बघून जळत होते आणि ही त्याच वेळी समोरची काच बघून जळत होती! आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी चिकटून, दुसरं आलं. मला तिचा परत हेवा वाटला. तिला मिळालेल्या त्या एका 'हो'चा. मला दिवसाला शंभर वेळा मिळतो तो, हिदायाची आई, हो, हिदायाची आई, हो, नळाच्या पाण्यासारखा. मी कधी ओंजळ धरली? तिनं मात्र फोन करून, माणूस पढवून, एक घोट मिळवला होता, आणि तो तिला आयुष्यभर पुरला असता. तिच्या आईच्या मरणाचासुद्धा मला हेवा वाटला, क्षणभर, आणि मग भीती वाटली, इतकी की मी आरशात बघितलं. आरशात आई होती, हौद्यात, दोन्ही हातांनी कडा धरून, खड्ड्याखड्ड्याला उडत, आणि आमच्या दोघींच्या डोक्यांकडे बघत होती. कुणाच्या डोक्याकडे, ते आरशात कळत नव्हतं.

गाडी थांबली. आई उतरली, कोळशानं काळी झालेली, हसणारी. "पातेली ओरडतील, पण फुटणार नाहीत," ती म्हणाली. "चल शोमारी, जम्बोचं बोल."

"नको," मी म्हणाले.

"आता काय?"

"कॅरी घे. रांग कमी बसते जम्बोत. दोन खेपा म्हणजे दुप्पट तेल, आणि संध्याकाळी पुलावर अडकलो तर दुसरी खेप पोचणारच नाही. कॅरीचे पार्ट कोपऱ्यावर मिळतात. सोमोए म्हणते ते बरोबर आहे. ती चालवणार आहे, मी नाही."

शोमारीनं डोक्याला हात लावला. "अगं ए वकीलबाई! आत्ता तर राणीसारखी उतरवणार होतीस ना आईला?"

"ते मघाचं," मी म्हणाले. "आता मी दुसऱ्या बाजूनं बोलतेय."

आईनं माझ्याकडे बघितलं, मग सोमोएकडे, मग परत माझ्याकडे.   "आणि तू बसणार कुठे?" तिनं विचारलं.

म्हणजे तिला तेही कळलं होतं! कपाट नि भिंतीच्या फटीतून माझे पाय बाहेर आलेले तिनं बघितले असणार, कधीतरी, आणि काही न बोलता पुढे गेली असणार. "मागे," मी म्हणाले.

कॅरीच्या व्यवहारात दुपार गेली. तिघींनी मिळून गरम तळलेले मांडाझी खाल्ले, सोमोएनं माझ्या मांडाझीतला करपलेला तुकडा काढून स्वतः खाल्ला आणि मला त्याचाही राग आला, सांगून ठेवते. मग निघालो. सोमोए स्टिअरिंगवर, आई शेजारी, मी हौद्यात, जाळी धरून. किल्वा रोडला लागलो तशी गर्दी वाढली, बसचे पोरगे दारांत लटकून ओरडत होते, सूर्य थेट मळक्या काचेवर होता. पहिला खड्डा आला. निळं फडकं वळलं. आईचा अर्धा चेहरा, एक डोळा, भुवई वर: धरलंय का? मी मान हलवली, धरलंय. ती पुढे वळली. सोमोएनं एका डालाडाला बसला अशा सफाईनं ओलांडलं की बाजूचा सायकलवाला शीळ घालून गेला. आईनं ते बघितलं नाही. ती परत माझ्याकडे वळली होती. परत. परत. माझ्या डाव्या बरगडीखाली सगळं शांत, गोड, भरलेलं. मला हवं होतं ते सगळं त्या काचेत होतं. आणि पिवळं फडकं सरळ समोर, ताठ, सांभाळून, इतकं सांभाळून.

चौकाच्या आधी मी जाळी सोडली. हौद्याची कड धरत धरत वळले, बसले, आणि पाठ काचेला लावली. आता माझ्यासमोर फक्त मागे पडणारा रस्ता होता, ट्रक, धूळ, मक्याची कणसं भाजणाऱ्या बायकांचा धूर. पाठीला इंजिनाची थरथर लागत होती. पुढे गिअर बदलला, गाडी डौलात वळली, आणि काचेपलीकडे कुणीतरी काहीतरी बोललं; कोण ते कळलं नाही. मग नाकातून वारा सोडल्यासारखा एक आवाज आला. मी गुडघे छातीशी घेतले. मान वळवली असती तर दिसलं असतं, एवढीशीच तर वळवायची होती. मी दोन्ही हातांनी कड घट्ट धरली आणि मागचा रस्ता बघत बसले.